चार नंबरच्या क्रेनवरचा घुम्या

दुसऱ्याचं भविष्य सांगायला कुणाच्या बापाचं काय जातं? बंदरावर हा धंदा बारमाही चालायचा. कुणी निवृत्तीला आला की कॅन्टीनच्या लांब टेबलाशी, चहाच्या दोन फेऱ्यांत, त्याच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लागायचा. हा नातवंडांत रमेल, तो वर्षभरात अंथरूण धरेल, तिसरा बायकोचं डोकं खाईल. निकाल लावणाऱ्यांपैकी निम्म्यांना स्वतःच्या रविवारचं काय करायचं ते कळत नसे, ती गोष्ट वेगळी.

त्या वर्षी चार नंबरच्या क्रेनवरचे दोघेही एकाच दिवशी निवृत्त होणार होते, त्यामुळे चर्चेला दुप्पट ऊत आला होता. एक वर केबिनमध्ये बसून क्रेन चालवणारा, दुसरा खाली धक्क्यावर उभा राहून त्याला हाताने इशारे करणारा. वरच्याला सगळे घुम्या म्हणत, कारण तो बोलत नसे. खालच्याला भोंगा म्हणत, कारण तो गप्प बसत नसे. बत्तीस वर्षं ही जोडी एका हुकाच्या दोन टोकांना काम करत होती.

"भोंग्याची काळजी नको," कॅन्टीनवाल्या मावशींनी निकाल दिला. "बोलेल त्याची बोरं विकतील. जाईल तिथे चार माणसं जमवेल. पण या घुम्याचं काय व्हायचं? एवढी वर्षं आभाळात टांगलेल्या डब्यात एकटा बसलाय. घरी भिंतीशी बोलत बसेल बिचारा."

"भिंतीशी तरी कुठला बोलतोय!" कुणीतरी म्हणालं आणि टेबलभर हशा पिकला.

घुम्या पलीकडच्या टेबलावर डबा खात होता. आज निकाल त्याचा होता म्हणून तो मुद्दाम खाली उतरला होता असं नव्हे. केबिनला रंग लावत होते. त्याने सगळं ऐकलं, डबा धुतला आणि रंगारी उतरल्यावर एकशे चाळीस पायऱ्या चढून वर गेला. त्याला स्वतःची काळजी अजिबात वाटत नव्हती. वाटायला हवी का, हा विचार मात्र त्याने पायऱ्या चढताना एकदा करून पाहिला, आणि सत्तराव्या पायरीच्या सुमारास सोडून दिला.

क्रेनच्या कामाचे दोन नियम धक्क्यावरच्या मांजरालाही ठाऊक असतात. पहिला, चालवणाऱ्याने एकाच माणसाचे इशारे पाळायचे. बाकी कुणी, अगदी मोठा साहेब येऊन हात हलवायला लागला, तरी तिकडे बघायचं नाही. अपवाद फक्त थांबवण्याच्या इशाऱ्याचा. हात आडवा, पंजा जमिनीकडे. तो झाडूवाल्याने केला तरी क्रेन जागच्या जागी उभी राहिली पाहिजे. दुसरा नियम, हुकाला माल लटकत असताना चालवणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. मग भूक लागो, तहान लागो, नाहीतर आणखी काही लागो.

आणि इशारा समजला की वरून हॉर्नचा एक छोटा आवाज द्यायचा. पीं. म्हणजे कळलं. घुम्या दिवसभरात जे काही बोलायचा ते एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी एकदा अठरा टनांचं एक खोकं जहाजाच्या उघड्या पोटावर, दोन घरांच्या उंचीवर असताना ब्रेक अडकला. वारा सुटला. खोकं डुलायला लागलं. खालची सगळी माणसं लांब हाकलली गेली, मेकॅनिक लोक वर-खाली धावायला लागले. दोन तास चाळीस मिनिटं ते तसंच लटकत होतं आणि घुम्या खुर्चीत होता. भोंगा मात्र धक्क्यावर आपल्या जागेवरून हलला नाही. हात आडवा, पंजा खाली. खरं तर त्याची काही गरज नव्हती, क्रेन थांबलेलीच होती. पण वरचा माणूस खाली बघेल तेव्हा त्याला त्या एकाच जागी बघायची सवय आहे, हे भोंग्याला माहीत होतं. एक हात भरून आला की तो दुसरा करायचा. शेवटी माल सुखरूप उतरला तेव्हा भोंगा खालून ओरडला, "डबा खाल्लास का रे?" घुम्याने हॉर्न दिला. पीं. त्या दिवसाबद्दल दोघांनी पुढे कधी चकार शब्द काढला नाही.

निरोपाच्या कार्यक्रमात भोंगा पंचवीस मिनिटं बोलला. त्याने साहेबांना हसवलं, मावशींना रडवलं आणि माइक तीनदा ठीक करायला लावला. मग घुम्याला उभं केलं. तो माइकपासून हातभर लांब उभा राहिला, "बरं चाललं होतं," म्हणाला, आणि बसला. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या, पण त्यात कीव होती.

घुम्याच्या घरी बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणकाम चालायचं. यंत्र, कापडाचे ढीग, मापं द्यायला आलेल्या बायका आणि अखंड गप्पा. बायकोलाही थोडी धास्ती होतीच. दिवसभर घरात कपाटासारखा एक माणूस उभा राहणार, त्याला वळसा घालून ये-जा करावी लागणार, असं तिने शेजारणीला बोलूनही दाखवलं होतं.

पहिले दोन दिवस तो खिडकीशी बसला. तिसरा मजला, खाली रस्ता. कोण कुठून येतं, कुणाची सायकल कुठे अडते, सगळं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याने शिवणयंत्र उघडून पुसलं, तेलपाणी केलं. यंत्र इतकं गुपचूप चालायला लागलं की बायकोला ते बंद पडल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी त्याने ढिगातला एक शर्ट उचलला आणि हाताने काजं करायला घेतली. बायकोने पहिलं काज चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"अहो, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"बघत होतो."

"कधी?"

"सुट्टीच्या दिवशी. तीस वर्षं."

ज्याने अठरा टनांची खोकी झोपलेलं मूल ठेवावं तशी जमिनीवर ठेवली, त्याला दोऱ्याचं काय भय? महिन्याभरात गिऱ्हाइकं काजं हातचीच मागायला लागली. बायका समोर बसून सासूपासून सुनेपर्यंत सगळ्या जगाची उणीदुणी काढत, आणि हा खाली मान घालून टाके घालत असे. आपलं कुणी ऐकावं अशी त्याची अपेक्षा आयुष्यात कधी नव्हती. त्यामुळे आता कुणी ऐकत नाही याचं दुःख करायचं त्याला सुचलंच नाही. बारीक काम, उंचावरची खिडकी आणि खालून येणारा माणसांचा आवाज. गडी मजेत होता. कॅन्टीनचा एक निकाल तर साफ चुकला होता.

दुसराही चुकला होता, ते त्याला दीड महिन्याने कळलं.

एका दुपारी दारात भोंग्याची मुलगी उभी राहिली. ही दाताच्या दवाखान्यात कामाला. आई लहानपणी गेलेली, त्यामुळे बाप तिच्याकडेच, दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. पाणी प्यायलीही नाही आणि बोलायलाच लागली.

"काका, बाबा एकोणीस दिवस जिना उतरलेले नाहीत."

"पायाला काय झालं?" घुम्याच्या बायकोने विचारलं.

"पायाला काही नाही, काकू. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहेत. पण बोलत नाहीत. जेवतात ते दोन घास. मी सकाळी निघताना ज्या कुशीवर असतात, संध्याकाळी त्याच कुशीवर. सकाळी दहाला तेवढे चहाचा कप घेऊन बाल्कनीत पाच मिनिटं उभे राहतात. बस्स." तिचा आवाज फुटला. "आमच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. मला भीती वाटते हो. असेच विझून जातील."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पहिले पंधरा दिवस भोंगा फॉर्मात होता. इमारतीच्या अंगणात उभा राहून तो लोकांना गाड्या लावून देई. डावीकडे, अजून डावीकडे, बास! मग पहारेकऱ्याने कुठे उभं राहावं, शेजारणीने बादली कुठे ठेवावी, जावयाने पाना कसा धरावा, हेही सांगायला लागला. बत्तीस वर्षं याने बोट फिरवलं की अठरा टन हलत होते, इथे दोन्ही हात हलवून शेजारणीची बादली हलेना. लोक आधी हसले, मग टाळायला लागले. आणि एका सकाळी तळमजल्यावरच्या गृहस्थाने, ऑफिसला उशीर झालेला असताना, गाडीची काच खाली करून सांगितलं, "काका, तुमची ड्युटी संपली. आता घरी बसा."

माणूस वाईट नव्हता. त्याला नऊची मीटिंग होती. पण भोंगा वर गेला आणि खरोखरच बसला.

"तुम्ही एकदा येता का, काका?" मुलगी म्हणाली. "तुमचं ते ऐकतील."

घुम्याच्या बायकोला हसू की रडू असं झालं. "अगं, हे तिथे येऊन काय बोलणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून यायचं?"

पण घुम्याने सुई कापडात खोचली होती आणि तो पायात चपला घालत होता.

ती पहिली भेट ऐकण्यासारखी आहे. भोंगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली. घुम्या समोरच्या खुर्चीवर बसला. भोंग्याने मान वळवून पाहिलं. "काय काम काढलंस?" घुम्याला काही सांगता येईना. काय सांगणार? ऊठ? का ऊठ? उठून काय कर? भोंग्याने परत भिंतीकडे तोंड केलं. मुलीने चहा आणला, घुम्या प्यायला. तिने काळजीने दुसरा आणला, तोही प्यायला. चाळीस मिनिटांनी तो उठून घरी आला.

"काय बोललात?" बायकोने विचारलं.

"पंखा आवाज करतोय त्यांचा."

"हे बोललात?"

"नाही. आत्ता सांगतोय."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. घुम्या मात्र संध्याकाळभर खिडकीशी बसून विचार करत होता. चूक कुठे झाली ते त्याला कळलं होतं. ते दोघे कधी एका खोलीत बसलेच नव्हते. बत्तीस वर्षांची ओळख, पण सगळी एकशे चाळीस पायऱ्यांवरून. जवळून ते एकमेकांना परके होते. त्यांना मध्ये हवा लागायची.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो भोंग्याच्या इमारतीच्या अंगणात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत भोंगा चहाचा कप घेऊन आला. जन्मात पहिल्यांदा भोंगा वर होता आणि घुम्या खाली. घुम्याने उजवा हात अंगापासून लांब, खाली सोडला, पहिलं बोट जमिनीकडे केलं आणि बारीक गोल फिरवलं. खाली घे. मग डावा पंजा त्याच्यावर आडवा धरला. सावकाश घे.

भोंगा बघत राहिला. मग त्याने कप कठड्यावर ठेवला आणि हात आडवा केला, पंजा जमिनीकडे. थांब.

घुम्या थांबला. बोट थांबलं, हात थांबला, घुम्याही थांबला. भोंगा आत निघून गेल्यावर तो पडत्या फळाची आज्ञा मानून घरी परतला आणि काजं करायला बसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. नाकासमोर चालणारा माणूस, थांबवण्याचा इशारा मोडायची त्याची छातीच होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी बायकोने त्याला धारेवर धरलं. "रोज जाता आणि पाच मिनिटांत परत येता. करता काय तिथे?"

त्याने सांगितलं. बायको कात्री हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे ते थांब म्हणाले की तुम्ही घरी?"

"हं."

"मग क्रेनवर असं थांब म्हटलं की काय करायचात?"

"थांबायचो."

"किती वेळ?"

"पुढचा इशारा येईपर्यंत."

"खुर्ची सोडून चहाला वगैरे?"

"छे! माल लटकत असताना?"

एवढं बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. माल लटकत होता. दुसऱ्या मजल्यावर, एका कुशीवर, एकोणीस आणि आता तीन असे बावीस दिवस लटकत होता, आणि हा रोज खुर्ची सोडून घरी जेवायला येत होता. त्याला इतकी शरम वाटली की त्या दिवशी त्याच्याकडून एक काज वाकडं झालं. ते त्याने उसवून परत केलं.

चौथ्या दिवशी तो टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन निघाला. दहा वाजता भोंगा बाल्कनीत आला. खाली घे, सावकाश. वरून हात आडवा. थांब. भोंगा आत गेला. घुम्या हात तसाच धरून उभा राहिला.

साडेदहा वाजले. पहारेकऱ्याने खुर्ची आणून दिली. घुम्याने मान हलवली. खाली उभा असणारा माणूस बसत नसतो, हे त्याने बत्तीस वर्षं वरून पाहिलं होतं. अकरा वाजता शेजारीण बादली घेऊन आली, "कुणाला बोलवायचंय का?" म्हणाली आणि जिन्यात उभी राहून बघायला लागली. सव्वाअकराला दुसऱ्या मजल्यावरचा पडदा जरा सरकला आणि परत पडला. उजवा हात भरून आला तेव्हा घुम्याने डावा केला. त्या वाऱ्याच्या दिवशी भोंग्याने हात किती वेळा बदलला असेल, याचा हिशोब त्याने आज प्रथमच मनात केला, आणि त्याचे डोळे भरून आले. टोपी होती म्हणून बरं. आपण एवढी वर्षं समजत होतो की वर आपण एकटे बसतो. एकटं कुठे? खाली हा होता म्हणून तर वर बसता येत होतं.

पावणेबाराला भोंगा परत बाल्कनीत आला. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा, पण नजर खाली. आणि तेव्हा घुम्याला आणखी एक गोष्ट आठवली. सुट्टीवरच्या भोंग्याच्या जागी कधी दुसरा कुणी इशारे करायला आला आणि त्याने कोपर अंगाला चिकटवलं, तर भोंगा दुसऱ्या दिवशी त्याची जाहीर हजेरी घ्यायचा. भोंग्याला उपाशी ठेवा, पगारात उशीर करा, चालेल. ढिला इशारा त्याला सोसवत नसे.

घुम्याने आयुष्यात एकही काम मुद्दाम वाईट केलं नव्हतं. उसवून परत करणाऱ्यांतला माणूस तो. त्याला घाम फुटला. जिन्यात आता पाच-सहा जण जमले होते, त्यांच्यादेखत अडाण्यासारखं काम करायचं! पण केलं. त्याने कोपर बरगड्यांना चिकटवलं, मनगट ढिलं सोडलं आणि बोट पँटच्या शिवणीवर कसंतरी फिरवलं. माशी हाकलावी तसं.

भोंग्याचा कप कठड्यावर आपटला.

घुम्याने दुसऱ्यांदा केलं. या वेळी अंगठाही मध्ये घातला.

"अरे कोपर!"

कबुतरं उडाली. शेजारणीच्या हातातली बादली खाली पडली.

"कोपर! कोपर लांब घे अंगापासून! दुरून दिसतंय का काही? आणि तो अंगठा कशाला घातलास मध्ये? उचल म्हणतोयस की उतर म्हणतोयस? माणूस मरेल खाली अशानं! लेका, बत्तीस वर्षं डोळे मिटून बसला होतास काय वर?"

घुम्याने निरागस चेहऱ्याने तिसऱ्यांदा तेच केलं.

"थांब! हात हलवू नकोस! तसाच राहा!"

आणि जिन्यात चपला वाजल्या. दुसऱ्या मजल्यावरून खाली, पायऱ्या दोन-दोन घेत. दाढी वाढलेला, बनियनवरचा भोंगा जमलेल्या माणसांना बाजूला सारत अंगणात आला, त्याने घुम्याचं कोपर धरलं आणि ते अंगापासून वीतभर लांब नेऊन ठेवलं. मग मनगट ताठ केलं. मग अंगठा मिटला.

"असं," तो धापा टाकत म्हणाला. "आता फिरव."

घुम्याने बोट फिरवलं. खाली घे.

भोंग्याने त्या बोटाकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग आपल्या पायाखालच्या फरशीकडे. आपण कुठे उभे आहोत ते त्याच्या ध्यानात आलं. तेवढ्यात घुम्याने दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत गुंतवले. माल टेकला, सगळं बांधून ठेवा, हा दिवसाचा शेवटचा इशारा.

मग ते दोघे चालत समुद्राच्या कठड्यापर्यंत गेले. वाटेत भोंग्याने तोंड उघडलं, आणि बावीस दिवसांचं तुंबलेलं असल्यामुळे ते बंद होईना. तिथून दिसणाऱ्या चार नंबरच्या क्रेनवर नवा माणूस होता, खाली एक नवीन मुलगी इशारे करत होती. "बघ, पाय किती जवळ ठेवलेत. वाऱ्यात पडेल. पण कोपर चांगलं आहे हं हिचं. सांगायला पाहिजे तिला. शिफ्ट सुटली की फाटकाशी गाठतो." मग त्याने तिच्यावरची नजर काढली.

"की नको सांगू?" त्याने हळू आवाजात विचारलं. "ड्युटी संपली म्हणतात."

"आधी विचार तिला," घुम्या म्हणाला. "ऐकायचंय का म्हणून. हो म्हणाली तर सांग."

एवढं लांबलचक वाक्य भोंग्याने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तो कठड्याला टेकून उभा राहिला.

"मला वाटलं, आता आपण कुणाला लागत नाही."

"मला लागतोस," घुम्या म्हणाला.

यावर भोंग्याने बराच वेळ नाक पुसलं आणि वाऱ्याला शिव्या दिल्या.

पुढे काय झालं ते कॅन्टीनच्या टेबलापर्यंत पोचलंच. इशारेवाल्या मुलीने हो म्हटलं, आणि नंतर स्वतःच दोघींना आणखी घेऊन आली. आता आठवड्यातून तीन दिवस शिफ्ट सुटल्यावर फाटकाबाहेर भोंग्याची शाळा भरते. बाकीचे दिवस तो घुम्याकडे येतो, शिवायला आलेल्या बायकांना गप्पांत हरवतो, आणि घुम्याची बायको म्हणते की कान किटले पण खोली भरली. घुम्या काजं करतो. तळमजल्यावरच्या गृहस्थांची गाडी मात्र भोंगा लावून देत नाही. त्यांनी दोनदा विनंती केली तरी.

पण ते नंतरचं. त्या दिवशी कठड्यावरून परतताना दोन गल्ल्यांच्या फाट्यावर भोंगा थांबला. त्याने घुम्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एक सांग. बत्तीस वर्षं रोज शंभरदा पाहिलेला इशारा. तुझं कोपर चुकेल कसं? मुद्दाम केलंस ना?"

घुम्याने इकडे तिकडे पाहिलं. रस्त्यावर माणसं होती, दुकानं उघडी होती. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि भर रस्त्यात, जन्मात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढला.

"पीं!"